एन-वर्ड, चिंकी, काळ्या: कोणी म्हणायचं, कुठे म्हणायचं आणि कुठे गप बसायचं

गॅदरिंगचा सीझन आला की हा प्रश्न येतोच. कुठल्यातरी कॉलेजातलं पोरगं रॅप बसवत असतं, गाण्यात एन-वर्ड, म्हणजे काळ्या माणसांसाठीची अमेरिकेतली ती इंग्रजी शिवी, सारखी सारखी येते, प्रॅक्टिसला कोणीतरी म्हणतं अरे हे स्टेजवर चालेल का, मग एक म्हणतो गाण्यातच आहे ना, दुसरा म्हणतो आपण काय गोरे आहोत का, तिसरा म्हणतो माझा एक नायजेरियन मित्र आहे त्याला चालतं, आणि प्रॅक्टिस राहते बाजूला. तर हे त्या भांडणासाठी लिहितोय. आणि नुसतं एन-वर्डपुरतं नाही, कारण पुण्यात ज्यांना आयुष्यात एकही काळा अमेरिकन माणूस भेटलेला नाही त्यांच्याही तोंडात चिंकी, काळ्या, आणि जातीवरून हाणायचे शब्द अगदी मुरलेले असतात, आणि रोजचा त्रास त्यांचाच जास्त आहे.

गाण्यातल्या एन-वर्डचं उत्तर सगळ्यात सोपं आहे म्हणून ते आधी उरकून घेऊ. तुम्ही काळे अमेरिकन नसाल तर गाऊ नका. गाण्यात आहे, मी फक्त कोट करतोय, आपण पण ब्राऊन आहोत, इंग्रजांनी आपल्यालाही दीडशे वर्षं छळलं, हे सगळं कबूल, तरी नाही. २०१८ मध्ये अलाबामातल्या एका म्युझिक फेस्टिवलमध्ये केंड्रिक लमार या काळ्या अमेरिकन रॅपरनं एका गोऱ्या फॅनला स्टेजवर बोलावलं, गाणं त्याचंच, माईक त्यानंच दिला, ती बिचारी सगळे शब्द जसेच्या तसे म्हणत सुटली, पब्लिकनं आरडाओरडा केला आणि त्यानं गाणं थांबवून तिला सांगितलं की तो एक शब्द गाळायचा. म्हणजे स्वतः गाणं लिहिणारा माणूस समोर उभा राहून सांगतोय, की माझं गाणं म्हण पण हा शब्द सोडून. यापुढे आपल्या 'गाण्यातच आहे ना'ला काय अर्थ उरतो.

मग काळे अमेरिकन स्वतः तो शब्द का म्हणतात, हा पुढचा प्रश्न असतोच. कारण तो त्यांच्यावर वापरला गेला म्हणून. १६१९ मध्ये व्हर्जिनियात आफ्रिकन माणसं विकायला आणली तिथपासून १८६५ ला गुलामगिरी कायद्यानं संपेपर्यंत, आणि मग पुढे १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्यापर्यंत वेगळे नळ, वेगळी बाकडी, जमावानं झाडाला टांगून मारणं, या सगळ्या काळात तो शब्द मारणाऱ्याच्या तोंडात होता. ज्यांनी तो झेलला त्यांनी तो आपसात वेगळ्या सुरात वापरायला घेतला. आणि तेही सगळ्यांना मान्य आहे असं अजिबात नाही हां, हे आपल्याकडच्या रॅपवाल्या पोरांना माहीतच नसतं. रिचर्ड प्रायर नावाचा मोठा कॉमेडियन, त्याच्या जोक्समध्ये हा शब्द धो धो असायचा, तो १९७९ मध्ये केनियाला जाऊन आला आणि त्यानंतर त्यानं तो शब्द सोडून दिला. २००७ मध्ये एनएएसीपी या काळ्या लोकांच्या जुन्या संघटनेनं डेट्रॉइटमध्ये या शब्दाची चक्क शवपेटी काढून अंत्यविधी केला. त्यांच्या घरातच हा वाद अजून चालू आहे, आपण त्यात मतदान करायला कशाला जायचं.

आता स्टेजवर करायचं काय ते सांगतो. बहुतेक गाण्यांची क्लीन व्हर्जन निघालेली असते, ती शोधा आणि ट्रॅक त्याच्यावरच बसवा. ती नसेल तर त्या जागेला बीट मोकळी सोडा आणि श्वास घ्या, दुसरा शब्द कोंबू नका, 'ब्रदर' बिदर टाकलं की ओळ लंगडी होते आणि लोकांचं लक्ष उलट तिथेच जातं. आणि हे पहिल्या प्रॅक्टिसपासून करायचं, स्टेजवर आयत्या वेळी गाळू असं म्हणाल तर गाळलं जाणार नाही, तोंडाला सवय लागलेली असते ते आपोआप बाहेर पडतं. समोरच्या पब्लिकला तुम्ही माईक फिरवणार असाल तर त्या ओळीला फिरवू नका, बाकी कुठेही फिरवा.

नायजेरियन मित्राची परवानगी हा प्रकार मला फार मजेशीर वाटतो. पुण्यात आफ्रिकेतले विद्यार्थी पुष्कळ, सुदान, टांझानिया, केनिया, नायजेरिया, कोंढव्याकडे नाहीतर विमाननगरला राहतात, एखादा रूममेट असतो, चांगली दोस्ती असते. पण त्याचा आणि त्या अमेरिकन शब्दाचा संबंध बघायला गेलं तर तो तिकडे जन्मला नाही, त्याच्या घरच्यांनी तो इतिहास भोगला नाही, त्यांचा इतिहास वेगळाच आहे. तो हसून म्हणाला असेल 'नो प्रॉब्लेम', पण ती परवानगी त्याच्या मालकीचीच नाही. आणि शिवाय त्याला हे विचारणं म्हणजे एका माणसाला अख्ख्या काळ्या जगाचा प्रवक्ता करून टाकणं, तो बिचारा इथे फार्मसी करायला आलाय.

ज्यांना हे सगळं अजूनही अमेरिकेचं कौतुक वाटतंय त्यांनी जरा 'घाटी' आठवून बघा. मुंबईच्या कॉर्पोरेट ऑफिसात कोणीतरी लिफ्टमध्ये 'टिपिकल घाटी' म्हणतं, नाहीतर गोव्याला गाडीचा एमएच बारा नंबर बघून कोणीतरी पुटपुटतं, तेव्हा डोकं फिरतं की नाही? आणि तीच सातारा-कोल्हापूरची पोरं हिंजवडीच्या फ्लॅटवर रविवारी मटण रटरटत असताना एकमेकांना 'चल ए घाटी' म्हणून हसतात, तेव्हा कोणाच्या मनात काही येत नाही. शब्द तोच, पण कोण म्हणतंय त्यावर सगळं ठरतं, हे आपल्याला न शिकवता कळतं. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की घाटी म्हणून आपल्याला कोणी विकलं नाही, पाण्यावरून हाकललं नाही, जिवंत जाळलं नाही. आपल्याला एवढ्यावर एवढं लागतं, तर पुढचा हिशोब तुम्हीच करा.

काळ्या, काळू, हबशी

इथे पुणेकर जरा जास्त वाद घालतो. अहो आमच्यात काळ्या म्हणतातच, प्रत्येक गल्लीत एक काळ्या असतो, एक जाड्या असतो, एक टकल्या असतो, त्यात काय. आणि मग हुकमी एक्का निघतो की विठ्ठल पण काळाच की. बरोबर आहे, काळाच आहे, जनाबाईनं तर त्याला कारटा म्हणून झोडपलंय, पण ती त्याच्यासोबत दळायला बसायची, तिचं त्याच्याशी नातं होतं. तुमचं कोंढव्याच्या बस स्टॉपवर उभ्या असलेल्या अनोळखी सुदानी पोराशी काय नातं आहे? गाडीवरून जाताना 'ए काळ्या' ओरडणारा भक्तिभावानं ओरडत नसतो.

क्रिकेटवाल्यांना डॅरेन सॅमीचं प्रकरण आठवत असेल. वेस्ट इंडिजचा माजी कॅप्टन, दोन टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलेला माणूस, आयपीएलमध्ये हैदराबादच्या टीमकडून खेळायचा, तिथे त्याला 'कालू' म्हणायचे. त्याला वाटायचं याचा अर्थ दणकट घोडा असा काहीतरी आहे, म्हणून तो पण हसायचा. २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडला अमेरिकेत पोलिसांनी मारल्यानंतर जगभर निदर्शनं चालू असताना, त्याला खरा अर्थ कळला आणि तो भडकला. नंतर एका जुन्या सहकाऱ्याशी बोलणं झालं, प्रेमानं म्हणत होतो असं त्यानं सांगितलं, सॅमीनंही ते मान्य केलं आणि विषय मिटवला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की इतकी वर्षं तो हसत होता ती त्याची संमती नव्हती, त्याला भाषाच येत नव्हती. आपल्या हॉस्टेलवर, ऑफिसात, जिममध्ये बाहेरच्या माणसाला आपण मराठीत किंवा हिंदीत एखादं नाव पाडतो आणि तो हसतो, तिथे हेच चाललेलं असतं. साधी परीक्षा आहे, त्याला त्या नावाचा अर्थ त्याच्या भाषेत नाहीतर इंग्रजीत समोरासमोर सांगून दाखवा. सांगायला जीभ अडखळली तर ते नाव आजपासून बंद. आणि सहा महिने सोबत राहून त्याचं खरं नाव नीट उच्चारता येत नसेल तर ते आधी शिका, जुनेद आणि जॉन्सन आपल्याला येतं तसं ओलुवासेउनही येतं.

उलटं पण बघा, जानेवारी २०२१ ला सिडनीच्या टेस्टमध्ये सिराजला बाउंड्रीवर प्रेक्षकांनी शिव्या घातल्या, खेळ थांबला, काही जणांना स्टेडियमबाहेर काढलं, तेव्हा आपल्याकडे सगळे पेटून उठले होते. ते बरोबरच होतं. तेच लोक दुसऱ्या दिवशी बसमध्ये एखाद्या आफ्रिकन मुलीच्या शेजारची सीट रिकामी ठेवून उभे राहतात.

हबशी या शब्दाचं वेगळं आहे. जंजिऱ्याचा सिद्दी, मलिक अंबर, जुनी कागदपत्रं, बखरी, यात हबशी हा शब्द ठिकठिकाणी आहे आणि तो तिथे कुठून आलेले लोक एवढंच सांगतो. इतिहासाचा विद्यार्थी ते वाचणार, लिहिणार, त्यात काही गैर नाही. तोच शब्द घेऊन रस्त्यावरच्या माणसाला हाक मारली की ती शिवी झाली.

चिंकी, नेपाळी, मोमो वगैरे

हे शब्द पुण्यात कोणीच म्हणू नयेत. विमाननगर, कोरेगाव पार्क, एफसी रोडच्या पार्लरपासून हॉटेलच्या किचनपर्यंत ईशान्येकडची माणसं इथे काम करतात, शिकतात, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं हे ऐकलेलं असतं. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांच्यावर हल्ले होणार अशा अफवा पसरल्या आणि पुण्यातून, बंगळुरातून हजारो लोक गाड्या भरभरून गावाला निघून गेले, ते काही एका एसएमएसनं घाबरले नव्हते, रोज ऐकलेल्या शब्दांमुळे त्यांना ती अफवा खरी वाटली. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या केसांवरून दुकानात टिंगल झाली, भांडण झालं, त्याला मारलं आणि तो गेला. त्यानंतर बाहेर राहणाऱ्या ईशान्येकडच्या लोकांचे प्रश्न बघायला सरकारनं बेझबरुआ समिती नेमली. मार्च २०२० मध्ये तर लोक त्यांना रस्त्यात 'कोरोना' म्हणून ओरडत होते, गृह मंत्रालयाला राज्यांना सूचना काढायला लागली.

ते आपसात म्हणत असतील तर? म्हणू देत की. मणिपूरची दोन पोरं मेसमध्ये एकमेकांना चिंकी म्हणून चिडवत असतील तर तो तुम्हाला आलेला इन्व्हिटेशन नाही. आणि त्यांना जाऊन 'तुम्ही तरी कशाला म्हणता' असं शिकवायची पण गरज नाही.

जातीचं नाव

आता खरा अवघड भाग, कारण इथे कायदा आहे. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा वाचलात तर गंमत अशी की आपण जो प्रश्न घेऊन बसलोय, कोण म्हणू शकतं, त्याचं उत्तर कायद्यानंच देऊन टाकलंय. कलम ३ ची सुरुवातच अशी आहे की अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला जो कोणी. म्हणजे बाहेरचा माणूस आणि आतला माणूस हा फरक सोशल मीडियावरच्या पोरांनी काढलेला नाही, संसदेनं काढलाय. बाहेरच्या माणसानं लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावानं शिवी दिली, किंवा मुद्दाम कमीपणा आणायला अपमान केला, तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आणि दंड.

लोकांच्या नजरेसमोर म्हणजे कुठे, यावर भरपूर कोर्टबाजी झाली आहे. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जागा खासगी असली तरी चालेल, घराच्या गेटपाशी झालं आणि रस्त्यावरून लोकांना दिसत-ऐकू येत असेल तर ते त्यात बसतं. २०२० मध्ये त्याच कोर्टानं एका केसमध्ये म्हणलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालं तर ते बसत नाही. २०२२ मध्ये केरळ हायकोर्टानं ऑनलाइन टाकलेल्या व्हिडिओलाही लोकांच्या नजरेसमोरचंच धरलं. तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावण्यावरून भांडताना जातीवर जाणारे जे काका असतात त्यांनी हे जरूर वाचावं, वरच्या गॅलऱ्यांमधून अख्खी बिल्डिंग ऐकत असते. आणि नागालँड-मिझोरामचा माणूस तिकडे अनुसूचित जमातीचा आहे, इथे कुठे, असंही म्हणायची सोय नाही, २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलंय की या कायद्याचं संरक्षण माणसाच्या मूळ राज्यापुरतं नसतं. (मी वकील नाही, केस अंगावर आली तर वकीलच गाठा.)

जातीचा उल्लेख आणि जातीवरून शिवी यात गोंधळ करू नका मात्र. दाखल्यावर जात लिहिणं, स्कॉलरशिपच्या फॉर्मवर विचारणं, अभ्यासात, बातमीत गरज असेल तिथे सांगणं, हे सगळं चालतं. काही लोक इतके घाबरतात की 'त्या समाजातले' असं आवाज खाली करून म्हणतात, ते उलट जास्त वाईट वाटतं ऐकायला. नाव नीट, साध्या आवाजात, नामासारखं घ्या, विशेषणासारखं घेऊ नका, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

मग 'आम्हाला भटुरडे म्हणतात ते चालतं का', हा प्रश्न सदाशिव पेठेतून येणारच, तर नाही, तेही शहाणपणाचं नाही, कोणाच्या तोंडावर म्हणू नये. फक्त त्या शब्दामुळे कोणाला पाणवठा बंद झाला नव्हता, म्हणून दोन्ही एकाच तराजूत टाकून 'बघा, सगळेच सगळ्यांना म्हणतात' असा निकाल लावता येत नाही.

वर्गात मोठ्यानं वाचताना

शिक्षकांसाठी हा भाग, आणि यावर कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा थांबतो. दलित आत्मकथनातला उतारा आहे, त्यात गावातला पाटील ज्या शब्दात हाक मारतो तो शब्द छापलेला आहे, लेखकानं तो मुद्दाम तसाच ठेवलाय, कारण तो भोगलाय. सर रंगात येऊन पाटलाचा आवाज काढून वाचतात, आणि त्या शब्दाला वर्गातली दहा-बारा डोकी एकदम मागे वळून तिसऱ्या बाकाकडे बघतात. तिथे बसलेला मुलगा पुस्तकात खाली बघून पेनाचं टोपण काढत-घालत बसतो. सरांच्या मनात काहीच वाईट नसतं. पण त्या तासाला त्या मुलानं साहित्य शिकलं का अजून काही, ते विचारा.

शब्द पुस्तकातून खोडू नका, तो लेखकाचा आहे, तुम्हाला मऊ करायचा अधिकार नाही. पण आदल्या दिवशीच सांगा की उद्याच्या उताऱ्यात असे शब्द आहेत आणि ते का आहेत. तेवढा परिच्छेद सगळ्यांना मनात वाचायला लावा, नाहीतर स्वतः सपाट आवाजात वाचा, नाटक नको. तो परिच्छेद त्याच मुलाला उठून वाचायला लावू नका. आणि कृपा करून 'तू सांग ना तुझा अनुभव' असं तर अजिबात नको, त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. अनुवाद करणाऱ्यांना, सबटायटल लिहिणाऱ्यांनाही हेच लागू, पात्र शिवी देतंय तर शिवीच लिहा, तुमचं नाव खाली आहे म्हणून तिला 'अरे मूर्खा' करू नका.

मित्रानं परवानगी दिली तर

'त्याला चालतं रे' हे वाक्य मी ऐकलं की विचारतो, त्याला विचारलं होतं की तो काही बोलला नाही? या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हॉस्टेलवर नवीन आलेला पोरगा पहिल्या आठवड्यात सगळ्याला हसतो, कारण त्याला वर्षभर त्याच खोलीत काढायचंय. ज्युनिअर टीम लीडच्या जोकला हसतो कारण पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे. हे हसणं मोजायचं नाही.

खरंच जिवलग आहे आणि त्यानं स्वतःहून म्हणलंय की तू म्हण, तर ती परवानगी त्याची आणि तुमची, तिथल्या तिथे. ती ग्रुपला लागू होत नाही, तुमच्या चुलत भावाला लागू होत नाही, स्टोरीवर टाकायला लागू होत नाही, कारण बघणाऱ्या तिसऱ्या माणसानं कुठलीच परवानगी दिलेली नाही. दोघांत भांडण झालं त्या दिवशी तर ती संपलीच, रागात म्हणलेला तोच शब्द मस्करी राहत नाही. आणि तो कधीही परत घेऊ शकतो, 'आधी तर तुला चालायचं' असा हिशोब काढू नका. माझं स्वतःचं मत विचाराल तर अशी परवानगी मिळाली तरी वापरू नये, दोस्ती सिद्ध करायला दुसऱ्या पन्नास गोष्टी आहेत.

तक्रार लिहिताना मात्र पूर्ण शब्द लिहा

हा अपवाद लक्षात ठेवा, लोक नेमके इथे सभ्य होतात. एचआरला किंवा पोलीस स्टेशनला तक्रार देताना 'आक्षेपार्ह भाषा वापरली' असं मोघम लिहिलं की समोरचा म्हणतो मी फक्त आवाज चढवला होता, आणि केस ढिली पडते. जो शब्द उच्चारला तो जसाच्या तसा, अवतरणात, ज्या भाषेत म्हणला त्या भाषेत लिहा. तारीख, वेळ, नेमकी जागा, आजूबाजूला कोण होतं, पुढेमागे काय बोलणं चाललं होतं, तेही. चॅट असेल तर स्क्रीनशॉट नाव-नंबर दिसेल असा. एफआयआर झाली तर तिची कॉपी तक्रारदाराला फुकट मिळते, ती मागून घ्या आणि त्यात शब्द तसाच उतरलाय का ते तिथेच उभं राहून वाचा. साक्षीदार म्हणून सांगायची वेळ आली तरी तसंच. आणि ऐकणाऱ्यानं 'असं घाण बोलू नकोस' म्हणून तक्रार करणाऱ्यालाच गप्प करू नये, तो म्हणत नाहीये, त्याला काय म्हणलं गेलं ते सांगतोय.

तोंडातून गेलाच एखादा शब्द तर 'सॉरी, हे बोलायला नको होतं' एवढं म्हणा आणि थांबा. माझा हेतू, माझे किती मित्र आहेत, माझ्या आजोबांनी सत्याग्रहात भाग घेतला होता, हे सगळं नंतर कधीतरी. माफ केलंस ना, असं तर विचारूच नका.

राहिली घरची आजी. तिच्या तोंडी वस्तीचं जुनं जातीवरचं नाव असतं, रिक्षावाल्याला पण तेच सांगते, आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं अशी नावं बदलायचा निर्णय घेतला वगैरे तिला माहीत नसतं. पाहुण्यांसमोर तिला लेक्चर द्यायचं नाही, ती हट्टाला पेटते आणि मुद्दाम दोनदा म्हणते. आपण आपलं रिक्षावाल्याला नवीन नाव सांगायचं, फोनवर पत्ता देताना तेच म्हणायचं, घरातल्या लहान पोरांसमोरही तेच. पोरांनी आजीचा शब्द उचलला तर मात्र त्याच दिवशी सांगायचं की हा आपण म्हणत नाही, आणि का म्हणत नाही तेही सांगायचं, पाच-सहा वर्षांच्या पोराला ते व्यवस्थित कळतं.